रडक्या आत्याची शाई

साहेब, माझ्या भावाला तुम्ही मारलंत. हाताने नाही. हाताने मारायचं तर माणसाच्या जवळ जावं लागतं, आणि तुम्ही कधी टेबलामागून उठला नाहीत. तुमच्या माणसांनी माझं एक कार्ड पाण्यात बुडवलं, पाणी निळं झालं म्हणून त्याला एकांतकोठडीत टाकलं, आणि त्या निळ्यात काही नाही असं तपासणीवाल्यांनी लिहून दिल्यावरही पाच दिवस ते दार उघडलं नाही. सहाव्या दिवशी उघडायची गरज उरली नव्हती.

वकीलबाई म्हणाल्या, जरा सौम्य लिहा. मी म्हटलं, हे सौम्यच आहे.

तुमच्या कागदांत माझा उल्लेख ‘सदर वस्तू पाठवणारी महिला’ असा आहे. मी कार्डं बनवते. वाढदिवसाची, लग्नाची, बाळ झाल्याची, लवकर बरे व्हा सांगणारी. आमची एकच खोली आहे, खिडकीशी टेबल. टेबलाच्या एका टोकाला आई जाड कागदाला घडी घालते आणि चमच्याच्या पाठीने ती घडी दाबते. दुसऱ्या टोकाला मी. रबराचा शिक्का शाईच्या पॅडवर टेकवायचा, कागदावर दाबायचा, आणि उमटलेल्या रेघांच्या आत ओल्या ब्रशने रंग भरायचा. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण पाणी रेघेपाशी गेलं की रेघ काय करते, त्यावर सगळं असतं, आणि ते शाई ठरवते.

आमच्याकडे तीन शाया. तिन्हींना नावं माझ्या भावाने दिली होती.

एक दाट, मलमासारखी, तासन्‌तास न वाळणारी. तिच्यावर बारीक पावडर भुरभुरून खालून गरम हवा मारली की पावडर वितळते आणि रेघ फुगून वर येते. मग रंग त्या रेघेच्या बांधाच्या आतच राहतो. हिचं नाव मामा. आमचा मामा निघतो निघतो म्हणत दारात तासभर उभा राहायचा, त्यावरून. दुसरी काळी, उग्र वासाची. वाळली की कायमची, वर बादलीभर पाणी ओता, हलायची नाही. ती काका. काका एकदा घरात शिरले की त्यांना उठवणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. आणि तिसरी निळी. लगेच वाळते, वास नाही, हाताला लागत नाही. पण पाण्याचा थेंब पडला की ती सुटली, वाहिली, पसरली. ती रडकी आत्या. आमची आत्या कुणी कशी आहेस विचारलं तरी पदर डोळ्यांना लावायची. तिला वारून नऊ वर्षं झाली. हे लक्षात ठेवा, साहेब, पुढे लागणार आहे.

भावाला आम्ही बारक्या म्हणायचो. सहा फूट उंच होता, दारातून वाकून यायचा, तरी बारक्याच. त्याने गोदामातून तांब्याची तार चोरली. चोरली, मी नाही म्हणत नाही. दोन वर्षांची शिक्षा झाली, त्याबद्दलही मी तुमच्या दारात रडायला आले नाही. सतरा महिने त्याने निमूट काढले. सात राहिले होते. हे सात महिने त्याने धड काढावेत, एवढंच आम्हा दोघींचं मागणं होतं. कारण बारक्याला लहानपणापासून दमा. घरात मी काकाचं पॅड उघडलं की तो बाहेर पायरीवर जाऊन बसायचा आणि तिथून ओरडून विचारायचा, काका गेले का. खिशात पंप कायम. भीती वाटली की श्वास लागायचा, श्वास लागला की भीती वाटायची, असं त्याचं चक्र होतं. ते चक्र सुरू व्हायच्या आत कुणीतरी त्याला दुसऱ्या कशाततरी गुंतवावं लागे.

म्हणून मांजर.

आमच्या खिडकीसमोर पत्र्याचं छप्पर आहे, त्यावर पाण्याची टाकी, आणि टाकीवर एक कान तुटलेली मांजर बसते. बारक्याची लाडकी. तो आत गेला तेव्हा मी त्या मांजरीचा शिक्का रबरावर कोरला. दर पंधरवड्याला एक कार्ड पाठवायची परवानगी होती. पहिल्या कार्डात मांजर टाकीच्या टोकावर. दुसऱ्यात एक वीत खाली. मग पाइपवर, पत्र्यावर, भिंतीवर, एकेक पाऊल. शेवटच्या कार्डात ती आमच्या दाराशी पोचणार होती, ज्या दिवशी तो पोचणार त्या दिवशी. शनिवारी त्याचा दहा मिनिटांचा फोन यायचा, त्यात पहिला प्रश्न मांजरीचा. कार्डं त्याने बिछान्याशेजारच्या भिंतीला ओळीने लावली होती. बराकीतली इतर माणसंही विचारायची म्हणे, बाई आता कुठवर उतरली. एकाने पैज लावली होती की कुत्रा आणणार ही. मी कुत्रा आणला नाही. आणायला हवा होता.

मग तुमचा नवा नियम आला. कुठल्याशा तुरुंगात म्हणे कागदाला नशेचं औषध लावून आत पाठवलं होतं. असेल. तुम्ही टपालासाठी तपासणीचं टेबल मांडलंत. तेव्हा मांजर भिंतीवर होती.

पहिलं कार्ड परत आलं ते मामाचं. फुगलेल्या रेघा कुणीतरी सुरीने खरवडल्या होत्या, मांजरीचं पोट फाडलं होतं. सोबत चिठ्ठी: ‘उंचवटे. आत वस्तू लपविल्याची शक्यता.’ मी आईला चिठ्ठी वाचून दाखवली. आई म्हणाली, बरोबर आहे गं, त्यांना काय माहीत. पुढचं मी काकाने केलं. तेही परत. ‘रासायनिक वास.’ मला राग आला, पण पटलंही, वास असतोच. तिसरं कार्ड मी काकानेच छापलं आणि दहा दिवस खिडकीत टांगून ठेवलं. वास पार गेला. त्यात भिंतीचा करडा, शेवाळाचा हिरवा, मांजरीचा पिवळट रंग अगदी हलक्या हाताने भरला. परत. ‘कागदावर रंगाचा थर.’

सहा आठवडे मांजर भिंतीवर अडकून पडली.

फोनवर बारक्या आधी थट्टा करायचा. म्हणाला, तुझ्या मांजरीला पण शिक्षा झाली काय. पुढच्या शनिवारी थट्टा कमी झाली. त्याच्या पुढच्या शनिवारी तो बोलताना मध्ये मध्ये थांबत होता, आणि ते थांबणं मी ओळखते. विचारलं तर म्हणाला, बराकीत नवी माणसं भरलीत, गर्दी आहे, एकाने भिंतीवरची कार्डं फाडली. पंप आहे ना? आहे. जेवतोस ना? ते त्याने टाळलं. मग म्हणाला, “ताई, एक तरी पाठव. नुसती शेपटी काढलीस तरी चालेल.”

आईने फोन माझ्या हातातून घेतला, पण दहा मिनिटं संपली होती.

सोमवारी मी तुमच्या खिडकीवर आले. दोन तास रांगेत उभी राहिले. खिडकीमागचा कारकून चष्मा कपाळावर चढवून बसला होता. त्याला तिन्ही चिठ्ठ्या दाखवल्या आणि विचारलं की तुम्हीच सांगा, काय पाठवू. माणूस वाईट नव्हता. बोटांवर मोजत त्याने सांगितलं: पातळ कागद, उंचवटा नको, वास नको, चिकटवलेलं काही नको, वरून रंग नको. मी विचारलं, शिक्का चालेल का.

“शिक्का न चालायला काय झालं? शिक्के तर आम्हीपण मारतो,” तो म्हणाला, आणि आपल्याच विनोदावर हसला.

मीही हसले. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात कार्ड तयार होतं.

आता चूक सांगते. माझी चूक, तुमची नाही. तुमची पुढे आहे.

आत्याच्या शाईची एक गंमत असते. तिच्यावर वेगळा रंग लागतच नाही. शिक्का उमटवायचा आणि नुसत्या पाण्याने ओला केलेला ब्रश रेघेच्या कडेने फिरवायचा. रेघ सुटते, निळं आत ओढलं जातं, कडेला गडद आणि मध्ये फिकट. रेघच रंग होते. थर नाही, वास नाही, उंचवटा नाही. कारकुनाच्या एकेका बोटाला माझ्याकडे उत्तर होतं. नवीन पॅड आणलं की आम्ही आधी हीच परीक्षा घेतो. रद्दी कागदावर ठसा मारायचा, ओला ब्रश ओढायचा. शाई छान सुटली तर पॅड चांगलं, नाही सुटली तर दुकानात परत. आमच्या टेबलावर पास होणारी परीक्षा तुमच्या टेबलावर गुन्हा ठरते, हे मला सुचलं नाही. माणूस आपल्या कामात इतका मुरलेला असतो की दुसरा त्याच वस्तूकडे कसा बघेल हे त्याला दिसत नाही. मला दिसलं नाही. आईलाही नाही. तिने कार्ड नाकाशी धरलं, वास घेतला, बोट फिरवलं आणि म्हणाली, आता काय खोड काढतील?

त्यात मांजर भिंतीवरून खाली उडी मारताना होती. सहा आठवड्यांची कसर एका उडीत. निळी मांजर, खाली निळी सावली. इतकी चांगली मांजर मी आधी काढली नव्हती.

पुढच्या सोमवारी ते कार्ड तुमच्या टेबलावर पोचलं. तुमच्या माणसाने कोपरा कापून पेल्यात बुडवला. पाणी निळं झालं. झालं.

मंगळवारी मला फोन आला. नाव न सांगता एक पुरुषी आवाज म्हणाला, कार्डाला काय लावलंय. मी म्हटलं, शाई. शाई पाण्यात जात नाही, तो म्हणाला. मी म्हटलं, ही जाते, हिचं कामच ते. मग त्याने विचारलं, “तुमची आत्या कुठे राहते?”

मला वाटलं चुकीचा नंबर लागला. मी सांगितलं, ती वारली. कधी? नऊ वर्षं झाली. मग पुन्हा तोच प्रश्न, वेगळ्या सुरात.

त्याचा अर्थ मला आता कळला, वकीलबाईंनी तुमच्या चौकशीचा कागद मिळवून दिल्यावर. त्यात लिहिलंय: ‘सदर पदार्थाबाबत विचारणा केली असता कैद्याने “ही रडकी आत्या आहे” असे हसून सांगितले. सांकेतिक भाषेचा वापर व तपासात असहकार.’ हसून सांगितले. साहेब, त्याला तुम्ही निळं पाणी दाखवलंत आणि त्याला घर आठवलं. सहा आठवड्यांनंतर तो हसला असेल. त्या हसण्यासाठी तुम्ही त्याला अहवाल येईपर्यंत एकांतकोठडी दिलीत, आणि नियम असा की कोठडीत जवळ काही ठेवायचं नाही. पंप पहारेकऱ्याच्या खणात. मागितला की मिळेल. मागायला आवाज लागतो, आणि त्याचा श्वास अडकला की पहिला आवाज जायचा. हे त्याच्या आजाराच्या कागदावर लिहिलेलं होतं. तो कागद तुमच्याकडेच आहे.

बुधवारी मी पुन्हा खिडकीवर गेले. पिशवीत आत्याचं पॅड, मांजरीचा शिक्का, ब्रश, पाण्याची छोटी बाटली, कोरे कागद. खिडकीच्या कट्ट्यावर सगळं मांडलं. मागे रांग कुरकुरत होती, एक म्हातारा म्हणाला, बाई, इथे काय दुकान थाटलंय. मी कारकुनाला म्हटलं, फक्त बघा. ठसा मारला. कोरडा झाल्यावर बोट फिरवून दाखवलं, काही लागलं नाही. मग ओला ब्रश ओढला. मांजरीच्या पाठीतून निळं सुटून पोटात उतरलं. कारकुनाने चष्मा कपाळावरून खाली घेतला. दुसरा कारकूनही उठून आला. रांगेतला म्हाताराही वाकून बघायला लागला.

“असं आहे होय,” कारकून म्हणाला. “माझ्या मुलीला दाखवायला पाहिजे.”

मी म्हटलं, तुमच्या मुलीला दहा करून देते, हे आधी साहेबांना दाखवा. माझा भाऊ दम्याचा आहे. त्याने कार्ड घेतलं, वाळेपर्यंत हातात धरलं, दाखवतो म्हणाला. मी पॅडही देऊ केलं. पॅड घेता येणार नाही, नोंद करावी लागेल. ती निळी मांजर तुमच्यापर्यंत आली का? हा माझा पहिला प्रश्न आहे. ती त्याच्या मुलीकडे गेली असेल, तर तेही लिहा. मुलीचा राग नाही माझा.

शनिवारी फोन आला नाही. आई दहा वाजल्यापासून फोनसमोर बसली होती. दुपारी तिने कागद ओढले आणि घड्या घालायला लागली. मी म्हटलं, सध्या ऑर्डर नाही. ती म्हणाली, माहीत आहे.

सोमवारी मी तिसऱ्यांदा आले. तोच कारकून. या वेळी चष्मा डोळ्यांवर होता, पण बघत होता तो माझ्या मागच्या भिंतीकडे. म्हणाला, अहवाल अजून आलेला नाही. मी विचारलं, पंप देतात ना त्याला. म्हणाला, ते माझ्या खात्यात येत नाही. कुणाच्या खात्यात येतं? अर्ज करा. मी तिथेच उभ्या उभ्या अर्ज केला. त्याने त्यावर शिक्का मारला आणि पोच दिली.

बुधवारी सकाळी बारक्या गेला. दाखल्यावर श्वसनाचा विकार लिहिलंय. तुम्ही तेवढा एकच शब्द खरा लिहिलात.

त्याचं सामान एका पिशवीत मिळालं. दोन शर्ट, चप्पल, फणी. पंपही होता, जवळजवळ भरलेला. हलवला की कळतं. आईने तो बराच वेळ कानाशी धरून हलवला. आणि ते कार्ड. तुम्ही तेही परत केलंत, नियमाप्रमाणे. एक कोपरा कापलेला, आणि तिथून पाणी वर चढलेलं. मांजरीचे पाय गेलेत. पोटापासून वरची मांजर आहे, खाली निळा ओघळ. उडी मारली आणि उतरायला जमीन नाही. बारक्याने ती पाहिली का, हे मला माहीत नाही.

सामानाच्या पावतीवर तुमच्या कार्यालयाचा गोल शिक्का होता. निळा. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग बोट जिभेवर ओलं करून त्यावर टेकवलं. सवयच ती, नवीन शाई दिसली की. शिक्का सुटला. तुमचं अर्धं नाव माझ्या बोटावर आलं. सोमवारच्या पोचेवरचा शिक्का काढला, त्यालाही पाणी लावलं. तोही सुटला. साहेब, तुमच्या टेबलावरची शाईसुद्धा आत्याच आहे. सतरा महिने तुमच्या प्रत्येक कागदावर तीच होती. परवानग्यांवर, चिठ्ठ्यांवर, त्याला कोठडीत टाकायच्या हुकमावर. तुमचा तो पेला घ्या आणि तुमचाच हुकूम त्यात बुडवून बघा. मग कुणाला आत टाकायचं ते ठरवा.

मी आईला बोट दाखवलं. तिने उठून ओल्या फडक्याने माझं बोट पुसलं, लहानपणी पुसायची तसं, घासून.

गेल्या आठवड्यात वकीलबाईंनी तपासणीच्या अहवालाची प्रत आणली. चार ओळी आहेत. ‘नमुन्यात पाण्यात विरघळणारी साधी शाई आढळली. आक्षेपार्ह पदार्थ आढळला नाही.’ खाली तुमच्या कार्यालयात कागद मिळाल्याचा शिक्का, तारीख आणि वेळ. शुक्रवार. सकाळी अकरा चाळीस.

शुक्रवारी, साहेब. सोमवारी तुमचा कारकून मला म्हणाला आला नाही, तेव्हा तो अहवाल येऊन तीन दिवस झाले होते. बारक्या जिवंत होता. शनिवारी जिवंत होता, रविवारी होता, सोमवारी मी खिडकीशी उभी होते तेव्हा माझ्यापासून पाच भिंती पलीकडे जिवंत होता. तो निर्दोष आहे हे तुमच्या इमारतीला माहीत होतं. फक्त एक कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायचा होता.

तुमच्याकडून पत्र आलं, ‘प्रक्रियेत विलंब झाला असल्यास खेद आहे.’ असल्यास. ते पत्र मी परत पाठवलंय, तुम्ही माझी कार्डं पाठवायचात तसं. चिठ्ठीही जोडली आहे: ‘आत वस्तू लपविल्याची शक्यता.’

मला खेद नको. नुकसानभरपाईचा अर्ज वकीलबाई करतील, तो त्यांचा विषय. चूक कबूल करायची असते हे मला कळतं, म्हणून माझी वर लिहिली आहे, शब्दही न गाळता. ती शाई मी निवडली, माझ्या हाताने, आणि ती मला मरेपर्यंत पुरेल. आता तुमची पाळी.

शुक्रवारी अकरा चाळीसला तो कागद कोणाच्या हातात पडला? त्या हाताने तो कुठे ठेवला? पाच दिवस तो कुणाच्या टेबलावर होता, आणि त्या टेबलामागे कोण बसलं होतं? मला माणूस सांगा, खातं नको. लेखी सांगा, सही करून. शिक्का मारणार असाल तर जरूर मारा, पण न सुटणाऱ्या शाईने मारा, कारण तुमचं पत्र आलं की मी आधी त्यावर पाणी ओतून बघणार आहे.

उत्तर द्या.